फियाट ११०० डी : पुढच्या काचेचं बीडिंग, रबर आणि त्याखालचा पत्रा

६ एप्रिल २०२५, रविवार

आज फक्त पाहणी. गाडी १९६७ ची फियाट ११०० डी, आपल्याकडे जिला डिलाइट म्हणायचे ती, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, स्टीअरिंगवरचा गिअर. पुण्यात सहकारनगरला घराच्या शेडमध्ये उभी असते, चालू आहे, इंजिनाचं काम होऊन गेलंय. आता दुखणं पाण्याचं. पाऊस झाला की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली कुबट वास. बाबांचं म्हणणं, "अगं, थोडं सिलिकॉन मार, झालं." ते याआधी कुठल्यातरी गॅरेजने मारलंयच की, आणि एकदाच नाही, काचेच्या खालच्या कडेला पिवळट पडलेले थरावर थर दिसतायत.

पाणी नक्की कुठून येतं ते बघायला आतून रबराच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवली, भाचा बाहेर पाइप घेऊन, मी आत टॉर्च घेऊन. पाइप खालून वर न्यायचा, वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी आत आलं, पावडरीत ओलीचा माग स्पष्ट, डावा जास्त. वरची कड कोरडी. म्हणजे खालच्या कोपऱ्यांत रबराच्या आत पाणी साठतंय आणि तिथला पत्रा गेलेला असणार. काच काढल्याशिवाय ते दिसणार नाही, आणि काच काढायची तर आधी बीडिंग, म्हणजे काचेच्या रबरावरची चकचकीत धातूची पट्टी, काढायचं, सगळं घोडं तिथेच अडतंय.

नाना पेठेतल्या काचवाल्या चाचांना फोटो पाठवले. त्यांनी अशा काचा किती काढल्या असतील त्यांनाच माहीत. फोनवर एकच सांगितलं : "ताई, रबर मिळतं, काचपण मिळंल. पट्टी नाय मिळायची. पट्टीला हात लावायच्या आधी मला विचारा." हेच या कामाचं सूत्र धरतेय. काय वाचवायचं याचा क्रम : सगळ्यात आधी पट्टी, मग काच, रबर शेवटी. रबर कापून टाकायचं, त्याची दयामाया नाही.

रबर आणि काच मिळते याचं पुण्य टॅक्सीवाल्यांचं. पद्मिनी म्हणजे हीच बॉडी, तोंड बदललेलं, आणि मुंबईत ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टॅक्सी म्हणून पळत होती, त्यामुळे बाजारात माल टिकून राहिला. चकचकीत पट्टीचं कुणाला पडलं होतं!

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी जुन्या बाजारात चक्कर. वापरलेले डेंटिस्टचे हुक मिळाले, स्टीलचे, टोकाला वाकडे. रबराखालची घाण उकरायला यापेक्षा चांगलं हत्यार नाही. फियाटचं हबकॅप दिसलं एक, भाव ऐकून परत ठेवलं.

१३ एप्रिल, रविवार

वायपरचे आर्म काढले. उजवा निघाला, डावा स्पिंडलवर, म्हणजे तो ज्या दांड्यावर फिरतो त्यावर, गंजून घट्ट. तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो पण टेकू मिळतो तो काऊलच्या (बॉनेट आणि काचेमधल्या) पत्र्यावर नाहीतर थेट काचेवर. पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब, रात्रभर, सकाळी हाताने हलवत हलवत निघाला. ते ऑइल रबरावर पडू द्यायचं नाही, पेट्रोलियमने रबर फुगतं. माझं रबर जायचंच आहे म्हणा, तरी सवय चांगली असावी.

आतला आरसा आणि सनव्हायजरही उतरवले. सनव्हायजरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे निघाले, म्हणजे कुणीतरी आधी हात घातलेला आहे. प्रत्येक स्क्रू जिथून काढला तिथलं नाव लिहून झिपलॉकच्या पिशवीत.

मग काच कसली आहे ते बघितलं. भाच्याचा पोलराइज्ड गॉगल घालून तिरप्या उन्हात पाहिलं तर काचेत गडद-फिकट ठिपके दिसले. म्हणजे टफन्ड. कारखान्यात काच तापवून हवेच्या झोतांनी झटकन गार करतात, त्याने आत जो ताण राहतो त्याची ही नक्षी, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लॅमिनेटेड असती तर कडेला दोन काचांमधली फिल्मची रेघ दिसली असती. हे आधी कळणं महत्त्वाचं कारण दोन्ही काचांचा स्वभाव वेगळा. टफन्ड काच वाकवणं बऱ्यापैकी सहन करते पण कडेला टणक काही टेकलं की अख्खी काच दाणे दाणे होऊन मांडीवर. लॅमिनेटेड तशी कोसळत नाही पण एका कोपऱ्यावर जोर जास्त पडला की तडा जातो आणि तो चालत जातो. त्यामुळे कडेजवळ लोखंडी हत्यार बंद. बांबूच्या कामट्या, आईसक्रीमच्या काड्या आणि एक जुना प्लॅस्टिकचा उलथणा, एवढंच.

शेवटी मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन इंजेक्शनच्या सिरिंजने पट्टी आणि रबराच्या फटीत सोडलं, सगळीकडून. वर जुन्या साडीच्या चिंध्या. उद्यापर्यंत मुरू दे.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. बीडिंगची रचना आज नीट समजली. माझ्या गाडीवर पट्टीचे दोन भाग आहेत, डावा आणि उजवा, वर मध्यभागी आणि खाली मध्यभागी एकमेकांना भिडतात, आणि त्या जोडावर एक छोटी टोपी बसवलेली, तिलाच सगळे क्लिप म्हणतात. पट्टी काचेला चिकटलेली नसते आणि पत्र्यालाही नसते. रबराच्या बाहेरच्या अंगाला एक खाच असते, पट्टीच्या मागची वळवलेली कड त्या खाचेत अडकते. पट्टी नुसती शोभेची असं सगळ्यांना वाटतं पण ती खाचेत पाचरीसारखी बसून रबराचे ओठ काचेवर आणि पत्र्यावर दाबून धरते, पट्टी सैल झाली की रबर सैल. म्हणून "बीडिंग काढून टाका, नुसतं रबर ठेवा" हा सल्ला मला पटत नाही.

वरची टोपी आधी. तिच्यावर रंगाचे तीन थर, म्हणजे कुठल्यातरी पेंटरने मास्किंगचा कंटाळा केलाय. थिनर काडीच्या टोकाला लावून फक्त जोडाच्या रेषेवर फिरवला, रंग मऊ झाला की हुकने खरवडला. मग टोपी पट्टीवरून एका बाजूला सरकवायची, वर उचलायची नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरलं, परत ग्लिसरीन, आणि कामटीच्या टोकाने हलकेच ठोकत ठोकत केसभर हलली. एकदा हलली की मग निघते.

हीट गन भाच्याने आणली होती, ती कपाटात ठेवायला लावली. एका जागी एकदम उष्णता दिली तर काचेचा तेवढाच भाग फुगतो आणि बाजूचा गार राहतो, अशाने काच जाते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी गाडी उन्हात तासभर लावली की रबर आपोआप मऊ होतं, फुकटात.

खालची टोपी सिलिकॉनमध्ये गाडलेली. कटरने सिलिकॉनचे पट्टे सोलून काढले. हे साधं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन असणार, म्हणजे सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडणारं. मी बारावीला केमिस्ट्री शिकवते त्यामुळे या विषयावर माझं तोंड जरा जास्त चालतं, घरच्यांनी ऐकून घेतलंय, आता इथे लिहिते : उघड्या पत्र्यावर ॲसिड सोडणारा पदार्थ लावायचा, वरून पाणी कोंडायचं, आणि मग पत्रा का गंजला म्हणून विचारायचं! शिवाय सिलिकॉनवर नंतर रंग धरत नाही, पेंटरला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे मिळतात ते वेगळंच.

२० एप्रिल, रविवार

पट्ट्या निघाल्या. आजची नोंद लांब होणार आहे कारण सगळा जीव याच कामात होता.

काढायच्या आधी पुठ्ठा. फ्रिजचं खोकं फाडून काचेवर धरलं आणि पट्टीच्या बाहेरच्या कडेने पेन्सिल फिरवून दोन्ही बाजूंचा आकार उतरवून घेतला. पट्टी काढल्यावर थोडी तरी उघडते किंवा मिटते, मग मूळ बाक किती होता ते आठवणीवर सोडून चालत नाही.

चाचा दहाला आले. त्यांनी पहिलं काम काय केलं तर खिशातून कटर काढला आणि पट्टीच्या बाहेरच्या बाजूचा रबराचा ओठ, पट्टीला अजिबात न टेकता, पातं बाहेरच्या अंगाला तिरपं ठेवून, वरच्या मध्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत एका लांब रेषेत कापत नेला. घाई नाही, थांबणं नाही. ओठ सुटून लोंबायला लागला की पट्टीची मागची कड उघडी पडते. मग ती ओढायची नसते. आपली सवय अशी की एक टोक धरलं आणि ओढलं, तिथेच पट्टीला घडी पडते, आणि स्टीलला पडलेली घडी किती ठोकली तरी उन्हात दिसतेच. चाचा पट्टीच्या खाली चार बोटं रांगेत सरकवतात, दुसऱ्या हाताचा अंगठा वरून टेकवलेला, आणि पट्टी खाचेतून उपटण्याऐवजी बाहेरच्या कडेवर लोळवतात, वीतभर, मग पुढची वीत. सरळ भागात हे मजेत होतं. कोपऱ्यात जिथे बाक सगळ्यात जास्त, तिथे दोन्ही बाजूंनी पट्टी मोकळी करून घेतली आणि कोपरा सगळ्यात शेवटी, एकाच वेळी दोन्ही हातांनी, सरळ बाहेर. उजवी पट्टी निघाली तेव्हा तिच्या मागे मातीचा एक करडा थर, त्यात कडुनिंबाची पानं आणि एक मेलेली गोगलगाय.

डावी मी काढली, चाचा स्टुलावर बसून चहा पीत बघत होते आणि मध्येच "ताई, अंगठा" एवढंच म्हणत होते. अंगठा सुटला की पट्टी वर उडते, हे खरं.

डाव्या खालच्या कोपऱ्यात पट्टीला आधीचाच एक पिचका आहे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाएवढा. ज्याने सिलिकॉन भरलं त्यानेच केला असणार. पट्ट्यांच्या मागे मास्किंग टेपवर "डावी, हे टोक वर" असं लिहून त्या प्लायच्या फळीवर आडव्या ठेवल्या. भिंतीला टेकवून उभ्या ठेवायच्या नाहीत, घरात मांजर आहे.

पट्टी कशाची आहे यावर वाद झाला. बाबा म्हणाले क्रोम, चाचा म्हणाले स्टील, भाचा म्हणाला ॲल्युमिनियम. लोहचुंबक चिकटला नाही, पण तेवढ्याने काही ठरत नाही, ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि बऱ्याच स्टेनलेसलाही चिकटत नाही. मग मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, नाली साफ करायच्या कॉस्टिकच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, हातात ग्लोव्हज घालून. ॲल्युमिनियम असतं तर बुडबुडे आले असते, हायड्रोजनचे. थेंब तसाच पडून राहिला. लगेच धुवून टाकला. स्टेनलेस. चाचा जिंकले. चांगली बातमी कारण स्टेनलेस आतून-बाहेरून एकच असतं, कितीही घासा, खालून दुसरं काही निघत नाही. क्रोम असतं तर उडालेल्या जागी परत प्लेटिंग, ॲल्युमिनियम असतं तर आधी वरचा ॲनोडायझिंगचा थर उतरवा मग पॉलिश.

लगोलग काच पण काढली, चाचा होते म्हणून. आतला ओठ पत्र्याला रंगाने चिकटलेला, तो कामटी फिरवून सुटा केला. बाहेरचा ओठ कापलेलाच होता. चाचा पुढच्या सीटवर अनवाणी, पाठ सीटला, तळपाय काचेच्या वरच्या कोपऱ्याला, मध्ये उशी. मी आणि भाचा बाहेर, हातात जाड ग्लोव्हज. वरचा कोपरा आधी, हळू दाब, धक्का नाही. रबराचा चुर्र असा आवाज झाला आणि वरची कड बाहेर आली, मग खालची कड खाचेतून उचलून घेतली. काच गोधडीवर. आईची चांगली गोधडी घेतली म्हणून संध्याकाळपर्यंत बोलणी खाल्ली.

२१ एप्रिल, सोमवार

जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून ठेवला, नमुना म्हणून. त्याचं आडवं छेद घेतलेलं तोंड बघण्यासारखं आहे : एका बाजूला काचेची खोल खाच, समोर पत्र्याची जरा उथळ खाच, आणि बाहेरच्या अंगाला पट्टीची अरुंद खाच, जिचं तोंड लहान आणि पोट मोठं. नवीन रबर घेताना या तिन्ही खाचा जुळल्या पाहिजेत. नुसतं "फियाटचं रबर द्या" म्हटलं तर दुकानदार काहीही देतो.

बाहेरून रबर वाळून त्याला आडव्या भेगा पडल्यात. त्याला लोक ऊन लागलं म्हणतात, ऊन आहेच, पण ताणलेल्या रबराला ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडतात ते हवेतल्या ओझोनचं काम. काचेच्या खाचेत, जिथे हवा पोचली नाही, तिथे रबर अजून मऊ आणि काळंभोर.

२७ एप्रिल, रविवार

आता पत्रा. फ्लँज म्हणजे काचेच्या चौकटीची उभी कड, जिच्यावर रबर बसतं. वरून आणि बाजूंनी ठणठणीत, कारखान्याचा रंग अजून शाबूत. खालची कड बघवत नाही. डाव्या कोपऱ्यात हुक टेकवला तर आरपार गेला, भोक एक रुपयाच्या नाण्याएवढं, आणि त्याच्या भोवती हाताने पापुद्रे निघतात. उजव्या कोपऱ्यात कधीतरी पुट्टी भरून वर रंग मारलेला. पुट्टी पाणी पिते, आतून पत्रा खाते, वरून गुळगुळीत. ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळं चकचकीत पत्र्यापर्यंत आणलं, जिथे चकचकीत होत नाही तिथे पत्राच नाही असं समजायचं.

बाबा खुर्ची टाकून बसले होते, खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे मी वर्षानुवर्षं फडक्याने पुसत होतो ते हे होय!" मी काय बोलणार.

काचेतून पाणी येतं ही तक्रार काचेची नसते, ऐंशी टक्के वेळा रबराचीपण नसते असं चाचा म्हणतात. टक्के त्यांचे, पण माझ्या गाडीपुरतं तरी शंभर टक्के खरं निघालं. फ्लँज गंजून पातळ झाली की रबराला धरायला काही राहत नाही, मग तुम्ही कितीही भारी रबर आणा.

१ मे, गुरुवार

डेंटर घरी आला, मशिन घेऊन. गंजलेला भाग चौकोनी कापून काढला आणि २० गेजच्या पत्र्याचे तुकडे बसवले. आधी म्हणत होता गॅसने करतो, नको म्हटलं, गॅसच्या वेल्डिंगने आजूबाजूचा पातळ पत्रा तापून लहरी होतो आणि काचेच्या चौकटीत लहर परवडत नाही. मिगने (विजेच्या वेल्डिंगने) टाके मारले, एक इथे एक तिथे, मध्ये गार होऊ दिलं. टाके घासून अगदी सपाट करून घेतले, यावर मी अडून बसले आणि तो जरा वैतागला. पण फ्लँजवर एक जरी गाठ राहिली तरी तिथे रबर जाड दबतं आणि काचेवर एकाच बिंदूला जोर येतो. बसवताना तडा जातो किंवा महिन्याभराने खड्ड्यात जातो, आणि मग काच खराब होती म्हणायचं.

दुपारी सांध्यांत फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, उरलासुरला गंज काळा पडला. धुवून, वाळवून, दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून रबर चढवायचं नाही, त्याच्यातून ओल आत जाते.

कामाचे सगळे फोटो तारखेसकट ठेवतेय, त्याला कारण आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी शेल, इंजिनात बदल नको. हा पत्रा बदल नाही, दुरुस्ती आहे, हे दाखवता आलं पाहिजे. नोंदणी करायची का हे मात्र घरात ठरलेलं नाही, कारण व्हिंटेज झाली की प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोजच्या वापराला नाही, आणि बाबांना संध्याकाळी सारसबागेपर्यंत जायचं असतं.

४ मे, रविवार

पट्ट्या. पिचका आतल्या बाजूने काढला : सागाचा तुकडा पट्टीच्या आतल्या बाकाप्रमाणे घासून घेतला, पट्टी उलटी वाळूच्या पिशवीवर, आणि छोट्या हातोडीने टकटक, पिचक्याच्या कडेपासून मध्याकडे. मध्यावर आधी मारलं तर धातू ताणला जातो आणि उंचवटा कायमचा. मग वॉटर पेपर ४००, ६००, १०००, २०००, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. कंटाळवाणं काम, पॉडकास्ट ऐकत केलं.

शेवटचा हात भोसरीतल्या बफिंगवाल्याकडे. तिथे मी जाऊन उभी राहिले. बफचं चाक लांब पातळ पट्टी पकडतं आणि फेकतं, मिनिटात तिचा जिलेबीचा घाट होतो. म्हणून पट्टीला मागून लाकडाची पट्टी टेपने बांधून नेली होती. बफिंगवाल्याला आधी हसू आलं, मग म्हणाला हे बरंय.

घरी येऊन पुठ्ठ्यावर ठेवून पाहिली. डावी थोडी उघडली होती, गुडघ्यावर हाताने हळूहळू मिटवून रेषेवर आणली.

११ मे, रविवार

काल नाना पेठेत रबर घेतलं. पहिल्या दुकानातलं बघताक्षणी नको, पट्टीची खाच नुसती रेघ ओढल्यासारखी, खोली नाही. दुसरीकडे ईपीडीएमचं, म्हणजे एका कृत्रिम रबराचं, होतं, ओझोन-उन्हाला हे चांगलं टिकतं, नमुन्याचा तुकडा शेजारी धरला, तिन्ही खाचा जुळल्या. कोपरे मात्र मोल्ड केलेले नाहीत, सरळ रबर आहे. चालेल, काचेभोवती फिरवून कोपऱ्यात जरा जास्त सोडायचं. रबर कधीही ताणून बसवायचं नाही, ताणलेलं रबर नंतर आकसतं आणि जोड उघडतो. किंचित लांब कापून दाबून बसवायचं, जोड खाली ठेवायचा नाही, वरच्या मध्यावर, पट्टीच्या टोपीखाली.

१५ मे, गुरुवार

काच आली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, लॅमिनेटेड. जुनी टफन्ड काच शाबूत आहे आणि बाबांना तीच हवी होती, पण वायपरने तिच्यावर दोन कमानी कोरल्यात, रात्री समोरून हेडलाइट आला की सगळं पांढरं दिसतं. आणि टफन्डला हायवेवर एक खडा लागला की अख्खी काच एका क्षणात दाणेदार. बाबांना हे पटलं नाही, "एवढी वर्षं लागला का खडा?" शेवटी तोडगा : जुनी काच गोधडीत गुंडाळून माळ्यावर, कधी प्रदर्शनाला लावायची तर आहे. गोधडी या वेळी माझी.

काचेची जाडी कॅलिपरने मोजली, पाच मिलिमीटरच्या आसपास, खाचेत बसते. हे आधी विचारून घेतलं होतं, जाड लॅमिनेटेड काच या रबरात शिरणार नाही.

१८ मे, रविवार

बसवली. रोज दुपारी ढग जमतायत, वळीव कधीही, म्हणून सकाळी सातलाच सुरुवात.

रबर काचेवर चढवलं, जोड वर. मग पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून, पायजम्यात नाडी ओवतात तशी, फक्त टोचणीऐवजी चाचांकडे वाकवलेली पितळी नळी आहे, तिच्यातून दोरी सरसर खाचेत जाते. दोन्ही टोकं खाली मध्यभागी, एकमेकांवरून वीतभर पुढे नेलेली. खाचेत आणि फ्लँजवर साबणाचं पाणी. ग्रीस नाही, तेल नाही.

मी आणि भाच्याने काच बाहेरून टेकवली, खालची कड आधी. चाचा आत. ते दोरीचं एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने ओढतात तसा रबराचा आतला ओठ उलटून फ्लँजच्या आत येतो, आणि त्याच वेळी बाहेरून आम्ही तळहाताने नेमकं तिथेच थापटायचं, पुढे नाही मागे नाही. आतून "इथं", बाहेरून थाप. डाव्या खालच्या कोपऱ्यात अडलं, ओठ आत यायला तयार नाही. भाच्याने जोर लावायला सुरुवात केली तर चाचा आतून ओरडले, लॅमिनेटेड आहे, जोर नको. दोरी थोडी मागे घेतली, अजून साबण, बाहेरून काच अर्धा सूत उजवीकडे सरकवली आणि मग आपोआप आलं. वरची कड सगळ्यात शेवटी.

पट्ट्या काच बसवल्यावर. यावर दोन मतं आहेत, काही जण जमिनीवरच पट्टी चढवून मग काच बसवतात आणि घट्ट खाचेच्या रबराला ते सोपं पडतं. आमच्या रबराची खाच उघडता येत होती, म्हणून नंतर. परत साबणाचं पाणी, कामटीने खाचेचा ओठ उघडायचा, पट्टी कोपऱ्यापासून बसवायला घ्यायची आणि सरळ भागाकडे यायचं, म्हणजे फरक राहिलाच तर तो मध्यावर टोपीखाली लपतो. उजवी पहिल्या फटक्यात. डावीचं टोक टोपीपाशी दोन मिलिमीटर कमी पडत होतं, कोपरा परत दाबून घेतला तेव्हा भरलं. टोप्या बसल्या.

सीलंट म्हणून बाहेरच्या ओठाखाली न सुकणारं चिकट ब्यूटाइल रबर, तेही फक्त खालच्या कडेला. सिलिकॉनची नळी भाच्याने आणून ठेवलेली, ती बाथरूमच्या टाइल्सना उपयोगी पडेल.

चाचांना पैसे विचारले तर म्हणाले पावसानंतर द्या, पाणी आलं तर घेणार नाही.

२० मे, मंगळवार

झोडपून काढलं. पाइपची टेस्ट करायची ठेवली होती, गरजच पडली नाही. गाडी मुद्दाम शेडच्या बाहेर उभी केली, आत टॉर्च आणि पावडर. काचेच्या चारही बाजूंना पावडर जशीच्या तशी, खालचे दोन्ही कोपरे कोरडे.

पण उजवीकडे पायाशी तीनचार थेंब. मागोवा घेत वर गेले तर ते काचेतून नाहीत, वायपरच्या स्पिंडलपाशी काऊलमधून येतायत. तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोकातली रबरी कडी, वाळून फुटलंय, आर्म काढले तेव्हाच सैल लागलं होतं. हे पाणी आधीही येत असणार, काचेच्या पाण्यात मिसळून जात होतं म्हणून कळलं नाही. बाबा लगेच, "बघ, सिलिकॉन—" मी वळून पाहिलं, पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

२६ मे, सोमवार

मान्सून पुण्यात आला म्हणे, मे महिन्यातच! आणखी आठवडाभर रेंगाळलो असतो तर उघड्या चौकटीवर ताडपत्री बांधून बसलो असतो. चाचांचे पैसे दिले.

ग्रोमेट जोडी नाना पेठेतून आणली, बसवायला काऊलखाली पाठीवर झोपून हात घालावा लागतो, भाच्याचा हात बारीक आहे, शनिवारी त्याला बोलावलंय. त्याच वेळी वायपरची लिंकेज उघडून ग्रीस भरून घेते.

मागच्या काचेचं बीडिंग दिवाळीच्या सुट्टीत. तिथे रबर एवढं वाळलेलं नाही, आतून ओल दिसत नाही, पण मागच्या पट्टीची खालची टोपी आत्ताच गायब आहे आणि ती आधी शोधायला हवी. जुन्या बाजारात सांगून ठेवलंय. नाहीच मिळाली तर पुढची टोपी नमुना म्हणून नेऊन पत्र्यात बनवून घेणार, स्टेनलेसच्याच.